गड्ड्याच्या जत्रेत घेतलेला, शिंपले चिकटलेला शंख कुठल्या गोगलगायीचा?

फोटो बघितला, तुम्ही सोलापुरात गड्ड्यावर घेतलाय म्हणताय आणि अंगावर दुसरे शिंपले चिकटलेत ते बघून दुकानदाराने बनवलाय का असं विचारलंय, तर तसं नसावं, हा बहुतेक झेनोफोरा आहे. ही गोगलगाय स्वतःच बाहेरचे शिंपले, खडे उचलते आणि शंख वाढत जाईल तसे त्याच्या कडेला पक्के बसवत जाते. म्हणून नीट बघा, टोकापाशी चिकटलेले तुकडे बारीक आणि खालच्या वेढ्यांकडे मोठे होत गेलेत का, आणि वेढ्यांच्या रांगेनेच बसलेत का. फेविक्विकने चिकटवलेलं असतं तर असला क्रम सहसा दिसत नाही आणि डिंकाची चमक लेन्सखाली लगेच कळते.

आता नेमकी जात. शंख फिकट पांढरट आणि लांबुळके शिंपले चारी बाजूंनी बाहेर आलेले, यावरून मला झेनोफोरा पॅलिड्युला वाटतोय, तो खोल पाण्यातलाच, ट्रॉलरच्या जाळ्यात येतो. पण कडेला स्वतःचे बोटांसारखे काटे असतील तर तो स्टेलारिया सोलारिस, वेगळाच प्राणी, त्यावर चिकटवलेलं फार थोडं असतं. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे खालची बाजू, मधोमध नाभीसारखं भोक उघडं आहे की बुजलेलं ते कळल्याशिवाय मी ठाम नाव देणार नाही. शंख उलटा ठेवून, शेजारी पट्टी ठेवून उन्हात एक फोटो टाका ना. आणि तोवर ॲसिडने धुवू नका, खूप जण चमकवायला तेच करतात आणि वरची नक्षीच जाते.