कुठलं एफईए सॉफ्टवेअर घ्यायचं म्हणतेस

अगं,

तुझा मेसेज वाचला. साहेबांनी पाच एफईए सॉफ्टवेअरचं, म्हणजे लोड टाकल्यावर भाग किती वाकतो, किती स्ट्रेस येतो ते कॉम्प्युटरवर काढणाऱ्यांचं, कंपॅरिझन मागितलंय आणि तू एक्सेलमध्ये कॉलम पाडत बसलीयेस, सॉल्व्हर (गणित सोडवणारा भाग), मेशिंग (मॉडेलचे बारीक तुकडे, म्हणजे एलिमेंट पाडणं), नॉनलिनिअर, किंमत, आणि म्हणतेस सगळ्यांसमोर टिकमार्कच येतायत. येणारच ना, ब्रोशरमध्ये सगळेच सगळं करतात. ती शीट थोडी बाजूला ठेव आणि आधी खाली असेंब्लीत जा. गेल्या काही मशीन्सना ट्रायलच्या वेळी नक्की काय त्रास झाला ते फिटर लोकांना विचार आणि लिहून घे. डिझाइनवाल्यांना विचारू नकोस, ते म्हणतील सगळं ओके होतं.

त्या यादीत "तुटलं" असं फार कमी निघेल बघ. तुमच्यासारख्या एसपीएम (स्पेशल पर्पज मशीन) शॉपमध्ये वस्तू तुटत नाहीत, हलतात. ब्रॅकेट वाकतं, एलएम गाइडची (सरळ सरकणाऱ्या पट्ट्यांची) पॅरलॅलिटी जाते, कॉलम थरथरतो आणि जॉबवर चॅटरच्या, म्हणजे कापतानाच्या थरथरीच्या रेघा उठतात. साधं उदाहरण घे, 100 बाय 100 बाय 6 चा चौकोनी पाइप, एक मीटर बाहेर काढलेला, टोकावर 5 किलोन्यूटन म्हणजे अर्धा टन समज. मुळाशी बेंडिंग स्ट्रेस येतो साधारण 75 एमपीए, मटेरियल आयएस 2062 चं, यील्ड 250, म्हणजे सेफ्टी फॅक्टर तीनच्या वर, रिपोर्टमध्ये सगळं निळं-हिरवं दिसेल आणि कस्टमर डीएपीला (डिझाइन अप्रूव्हलला) सही पण करेल. आता टोक किती वाकतं त्याचं सूत्र, पीएल क्यूब बाय थ्री ईआय, मांड. टोक जवळजवळ 2.4 मिमी खाली जातं. त्या टोकावर पिक-अँड-प्लेसचं ग्रिपर असेल तर झालं कल्याण.

म्हणजे तुम्हाला लागतं काय, तर लिनिअर स्टॅटिक (स्थिर लोडखाली किती वाकतं), मोडल (फ्रेम कुठल्या फ्रीक्वेन्सीला थरथरते), आणि बोल्टचे जॉइंट जरा नीट मांडता येणं. मोडल का, तर 1440 आरपीएमची मोटर म्हणजे 24 हर्ट्झ, सहा इन्सर्टचा कटर 600 वर फिरला की दात आदळतात 60 हर्ट्झने, आणि फ्रेमची एखादी फ्रीक्वेन्सी याच्या आसपास निघाली तर नंतर कितीही रिब्स मारत बसा. फटीग (पुन्हा पुन्हा लोड येऊन भाग थकणं) लागेल, पण रोज नाही. रबर, क्रॅश, मेटल फॉर्मिंग वगैरे तुमच्याकडे येतच नाही, मग त्याचे पैसे कशाला भरायचे?

नावांचं दडपण घेऊ नकोस. नॅस्ट्रान साठच्या दशकात नासाच्या पैशातून जन्मलं, अ‍ॅन्सिस 1970 मध्ये जॉन स्वॉन्सन यांनी वेस्टिंगहाउसमधून बाहेर पडून सुरू केलं, अबॅकस 1978 चं. इतक्या वर्षांत साध्या लिनिअर स्टॅटिकमध्ये फारशा चुका शिल्लक राहिलेल्या नाहीत. तोच मेश, तेच एलिमेंट, तेच कन्स्ट्रेंट दिलेस तर उत्तर सगळीकडे जवळपास तेच. आणि मोठं नाव वाचवत पण नाही. 1991 च्या ऑगस्टमध्ये नॉर्वेत स्लाइप्नर ए या समुद्रातल्या प्लॅटफॉर्मचा काँक्रीटचा पाया चाचणी चालू असताना फ्योर्डमध्ये बुडाला, त्याचं अ‍ॅनालिसिस नॅस्ट्रानवरच झालं होतं. तपासात निघालं की एका नाजूक जागी मेश जाडं होतं, तिथला शिअर (कातरणारा स्ट्रेस) 47 टक्के कमी आला, त्यात सळ्यांचं डिटेलिंगही तोकडं.

सॉलिडवर्क्स हे डिझाइनचं सॉफ्टवेअर तुमच्याकडे आहेच. त्याच्या प्रीमियम लायसन्समध्ये लिनिअर स्टॅटिक येतं, फ्रीक्वेन्सी (म्हणजे मोडल) आणि बकलिंगसाठी (दाबाखाली भाग एकदम वाकून जाण्यासाठी) सिम्युलेशन प्रोफेशनल घ्यावं लागतं. माझ्या मते तुमच्या ऐंशी-नव्वद टक्के कामाला एवढं पुरे, कारण मॉडेल तिथल्या तिथे बदलतं आणि वेल्डमेंटचे पाइप ते आपोआप बीम म्हणून घेतं. फक्त एक लक्षात ठेव, तिथे काय आणि अ‍ॅन्सिस मेकॅनिकलमध्ये काय, असेंब्ली आणलीस की डिफॉल्ट कॉन्टॅक्ट बॉन्डेड असतो, म्हणजे चार बोल्टवर बसलेला कॉलम बेसला अख्ख्या तळाने चिकटवल्यासारखा वागतो आणि मशीन आहे त्यापेक्षा कडक दिसतं. इथेच लोक फसतात, आणि मग म्हणतात सॉफ्टवेअर चुकीचं.

अ‍ॅन्सिस कधी? प्रीलोडेड (आधीच ताणून घट्ट केलेले) बोल्ट, घर्षणासकट कॉन्टॅक्ट, थर्मल आणि स्ट्रक्चरल एकत्र, अशी कामं महिन्याला येत असतील तर जरूर घ्या, उत्तम आहे. वर्षातून दोनदाच येत असतील तर ते काम बाहेर जॉबवर द्या, पुण्यात करून देणारे भरपूर आहेत. आणि कस्टमरच म्हणत असेल की आम्हाला हायपरमेशची (मेश करायच्या सॉफ्टवेअरची) फाइल किंवा नॅस्ट्रानचं डेक, म्हणजे इनपुट फाइल पाहिजे, तर मग चर्चाच संपली, ते घ्यायचं. हे आधी मार्केटिंगवाल्यांना विचारून घे, नाहीतर सगळा अभ्यास करशील आणि शेवटी परचेस ऑर्डरच्या टर्म्समध्ये भलतंच निघेल.

फुकटचं पण सांगते. कॅल्क्युलिक्स म्हणून सॉल्व्हर आहे, इनपुट फाइल अबॅकससारखी, विंडोजवर मॉडेल मांडायला आणि रिझल्ट बघायला त्याच्यासाठी प्रीपोमॅक्स टाक, किंवा फ्रीकॅडच्या एफईएम वर्कबेंचमधून चालव. फ्रेंच वीज कंपनी ईडीएफचं कोड अ‍ॅस्टर पण आहे, ताकदवान आहे पण नवख्याला जरा जड. कंपनीने यावर धंदा करावा का ते साहेब ठरवतील, तू मात्र घरी कॅल्क्युलिक्स शिकच, कारण तिथे युनिट्स तुझ्या तुलाच सांभाळावी लागतात. मिमी-न्यूटनमध्ये काम करताना स्टीलची डेन्सिटी 7.85e-9 टन प्रति घन मिमी द्यायची, किलोच्या सवयीने 7.85e-6 टाकलीस तर फ्रीक्वेन्सी जवळपास बत्तीस पटीने खाली येते. असं एकदा बघितलं की माणूस आकडा तपासल्याशिवाय पुढे जात नाही. क्रॅक व्हर्जनचं नाव काढू नकोस, कोणी कितीही पेनड्राइव्ह दिला तरी. नोटीस कंपनीच्या नावाने येते.

आता डेमो. रिसेलर येईल आणि त्याचं ठरलेलं ब्रॅकेट दाखवेल, दोन मिनिटांत मेश, रंगीत अ‍ॅनिमेशन. त्याला चहा दे आणि तुम्हाला त्रास दिलेली गॅन्ट्री (खांबांवरची आडवी फ्रेम) पेनड्राइव्हवर दे, बोल्ट, फिलेट, वेल्डच्या गॅपसकट, जशी आहे तशी. जॉमेट्री साफ करायला त्याला किती वेळ लागतो ते बघत बस, कारण उद्या तोच वेळ तुझा जाणार आहे. मग म्हण, ही 20 ची प्लेट 25 ची करा आणि दोन भोकं सरकवा. लोड, कॉन्टॅक्ट, मेश कंट्रोल जागेवर राहिले तर चांगलं, सगळं लाल होऊन पुन्हा फेस निवडत बसावं लागलं तर ते सॉफ्टवेअर डिझाइन ऑफिसच्या कामाचं नाही, कारण आपल्याकडे डिझाइन एकदा कधी होतं का? तसंच आतल्या टोकदार कोपऱ्यात मेश बारीक करत नेऊन दाखवायला सांग. तिथला स्ट्रेस दर वेळी वाढतच जाणार, तो गणिताचाच गुण आहे, पण समोरचा माणूस त्यावर काय उत्तर देतो त्यावरून त्याचा सपोर्ट कसा असेल ते कळतं. पहिल्या ऑर्डरचे टेट (चार बाजूंचे साधे एलिमेंट) वापरून "बघा किती फास्ट" म्हणाला तर हसून सेकंड ऑर्डर करायला लाव, पहिल्या ऑर्डरचे बेंडिंगमध्ये खोटे कडक असतात.

खात्री करून घ्यायची असेल तर नॅफेम्स या एफईएवाल्यांच्या संस्थेचा एलई10 नावाचा जाड प्लेटचा बेंचमार्क आहे, ठरलेल्या बिंदूवर उत्तर उणे 5.38 एमपीए यायला पाहिजे. वरच्या पाइपचं हाताने केलेलं गणित तर ताडून बघायला आहेच.

कोटेशनमध्ये दुसऱ्या वर्षाची एएमसी (वार्षिक देखभालीचा करार), एएमसी सोडली तर लायसन्स चालू राहतं की बंद होतं, किती कोअर्स मिळतात, हे लेखी घे. ट्रेनिंग एकाचं धरलं असेल तर दोघांचं करून घे, तू सुट्टीवर गेलीस की काम थांबेल.

गॅन्ट्रीची स्टेप फाइल (कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये उघडणारं थ्रीडी मॉडेल) आणि असेंब्लीवाल्यांची यादी मला पण पाठव. आणि ती मशीन अजून फ्लोअरवर असेल तर डिस्पॅच व्हायच्या आत टोकाला ओळखीचं वजन टांगून डायल गेज लावून रीडिंग घेऊन ठेव, डेमोला आलेल्यांची उत्तरं त्याच्याशीच लावून बघू.