आधी सांगा, मग लागू करा

अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा वाचलं. नियम लोकांच्या भल्याचाच आहे, मग पंधरा दिवस मागच्या तारखेपासून लागू केला तर बिघडलं कुठे, असं विचारतेस. साहेब मसुदा तसाच मागतात आणि तुझा हात अडखळतो. अडखळला म्हणूनच लिहायला बसलो.

अगं, नियम भला की बुरा हे नंतर बघू. कायदा माहीत नव्हता ही सबब चालत नाही, असं आपण माणसाला तोंडावर सुनावतो. मग तो त्याला कळू शकेल असा उघड करणं हे आपल्याकडे लागतं. आधी सांगा, मग लागू करा.

‘हरला विरुद्ध राजस्थान राज्य’ हा १९५१चा निकाल आजच वाच. जयपूर संस्थानात १९२३ साली मंत्रिमंडळाने अफूचा कायदा ठरावाने संमत केला, पण राजपत्रात छापलाच नाही. १९३८मध्ये त्यात कलम घातलं, की हा कायदा १ सप्टेंबर १९२४पासून अमलात आहे. तुझे साहेब सांगतात तेच! पुढे त्याखाली एकाला पन्नास रुपये दंड झाला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि माणूस सुटला. शोधूनही जो कायदा सापडला नसता, त्याखाली शिक्षा करणं न्यायाला धरून नाही, असं न्या. विवियन बोस यांनी ठरवलं. मागाहून चिकटवलेल्या तारखेने त्यात जीव आला नाही.

आधी सांगितलं तर लोक पळवाटा काढतात, असं साहेब म्हणतील. मग ज्या क्षणी जाहीर कराल, त्या क्षणापासून लावा. १६ फेब्रुवारी २०१९ला पाकिस्तानातून येणाऱ्या मालावर २०० टक्के सीमाशुल्क लागलं. अधिसूचना ई-राजपत्रात चढली रात्री पावणेनऊच्या सुमारास. त्याआधी, त्याच दिवशी, ज्यांनी आयातीची कागदपत्रं रीतसर दाखल केली होती, त्यांच्याकडून नवा दर घेता येणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२०मध्ये सांगितलं. तिथे काही तासांचाही हिशेब झाला. आणि तुम्ही पंधरा दिवस मागे जाणार?

मी हे इतकं ताणून का धरतो, ते सांगतो. नोकरीच्या तिसऱ्या वर्षी एका परिपत्रकाचा मसुदा मी केला. ‘तात्काळ लागू’ हे शब्द माझेच. प्रती पोचायला नऊ दिवस लागले. त्या नऊ दिवसांतल्या चुकीबद्दल दंड झालेला एक म्हातारा माझ्या टेबलासमोर उभा राहिला. त्याने परिपत्रकाची प्रत पुढे केली आणि आवक शिक्क्यावरच्या तारखेवर बोट ठेवलं. बोलला काहीच नाही. मीही नाही. दंड त्याने भरला. ते बोट अजून दिसतं.

त्यानंतर ‘कधी आणि कुठे प्रसिद्ध होणार’ हे लिहून आल्याशिवाय एकही मसुदा मी पुढे सोडला नाही. फायली अडवतो म्हणून बोलणी खाल्ली, बढती दोनदा हुकली. घरच्यांनाही वाटायचं, एवढं कशाला ताणायचं? मी चुकलो असं मला आजही वाटत नाही. आधी सांगा, मग लागू करा. यात तडजोडीला जागा कुठे आहे?

साहेबांशी वाद घालू नकोस. फाइलवर टिपणी लिही: अंमल प्रसिद्धीच्या तारखेपासून असावा, आणि कारण. खाली सही आणि तारीख. शब्द अडले तर मसुदा पाठव, रात्रीतून बघून देतो.