कॅप्चर स्टिक रिझॉल्व्हमध्ये दिसत नाही, रंग नाही, आवाज पुढेमागे: कुठे काय अडतंय

तुमच्या प्रश्नात तीन-चार भानगडी एकत्र झाल्यात म्हणून जरा सविस्तर लिहितो. आईवडिलांच्या लग्नाची व्हीएचएस कॅसेट विंडोज ११ वर घ्यायची आहे, त्यासाठी यूएसबी कॅप्चर स्टिक (व्हीसीआरचं चित्र-आवाज कॉम्प्युटरमध्ये घेणारी छोटी कांडी) आणलीत, ती दाविंची रिझॉल्व्ह या एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये दिसतच नाही, ओबीएस या रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरमध्ये दिसते पण चित्र ब्लॅक अँड व्हाइट आणि वरखाली सरकणारं, स्टिकबरोबरच्या सॉफ्टवेअरने रेकॉर्ड केलं तर अर्ध्या तासानंतर ओठ आणि आवाज जुळत नाहीत. आणि हँडीकॅमच्या मिनीडीव्ही कॅसेटी अजून बाकीच आहेत.

पहिलं म्हणजे रिझॉल्व्हमध्ये ती स्टिक शोधणं आत्ताच थांबवा. रिझॉल्व्हचं कॅप्चर फक्त ब्लॅकमॅजिकच्या स्वतःच्या हार्डवेअरवर चालतं, म्हणजे डेकलिंक, अल्ट्रास्टुडिओ वगैरे. बाकी कुठलीही यूएसबी स्टिक तिथे येणार नाही, ड्रायव्हर कितीही वेळा टाका. प्रीमियर या दुसऱ्या एडिटरची कॅप्चर विंडोसुद्धा मुळात फायरवायरवरून (जुन्या डिजिटल कॅमेऱ्यांची जोडणी) येणाऱ्या डीव्हीसाठी, म्हणजे हँडीकॅमच्या डिजिटल टेपसाठी आहे. माझं स्पष्ट मत असं की कॅप्चर एडिटरमध्ये करूच नये. छोट्या वेगळ्या सॉफ्टवेअरमध्ये कॅप्चर करायचं, व्यवस्थित फाइल बनवायची आणि मग ती एडिटरमध्ये न्यायची. निम्म्या कटकटी तिथेच संपतात, आणि उरलेल्या नेमक्या कुठे आहेत तेही कळतं.

आता स्टिक. बाजारात ईझीकॅप नावाने मिळणाऱ्या स्टिका बाहेरून सगळ्या सारख्याच दिसतात पण आत चिप वेगवेगळी असते, कुणात सिनटेकची एसटीके११६०, कुणात यूटीव्ही००७, कुणात एम्पियाची किंवा सोमॅजिकची. त्यामुळे मित्राकडचा ड्रायव्हर तुमच्याकडे चालेलच असं नाही, आणि डब्यातली सीडी कधीकधी भलत्याच चिपची निघते. डिव्हाइस मॅनेजरमध्ये स्टिकवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, डिटेल्स, तिथे हार्डवेअर आयडी बघा, त्यात व्हीआयडी म्हणजे बनवणाऱ्याचा आणि पीआयडी म्हणजे वस्तूचा क्रमांक. व्हीआयडी ०५ई१ आणि पीआयडी ०४०८ असेल तर सिनटेक, १बी७१ आणि ३००२ असेल तर यूटीव्ही००७. ड्रायव्हर त्या चिपच्या नावाने शोधायचा, डब्यावरच्या नावाने नाही. आणि काहीच जमलं नाही तर घरात लिनक्सचं मशीन असल्यास त्यावर लावून बघा, या दोन्ही चिपचे ड्रायव्हर लिनक्सच्या कर्नलमध्येच आहेत, वेगळं काही टाकावं लागत नाही.

तुमच्याकडे ओबीएसमध्ये चित्र येतंय म्हणजे ड्रायव्हर बसलाय. रंग नाही आणि चित्र सरकतंय हे जवळजवळ नक्की पाल-एनटीएससीचं (टीव्ही सिग्नलच्या दोन वेगळ्या पद्धती) प्रकरण. आपल्याकडच्या कॅसेटी पाल, म्हणजे ५७६ ओळी आणि सेकंदाला २५ फ्रेम, आणि या स्टिका बऱ्याचदा एनटीएससीवर सेट होऊन येतात. ओबीएसमध्ये त्या डिव्हाइसच्या प्रॉपर्टीजमध्ये कॉन्फिगर व्हिडिओ दाबा, व्हिडिओ डीकोडरचा टॅब असेल, तिथे पाल_बी निवडा, मग रिझोल्यूशन ७२० बाय ५७६ आणि २५ फ्रेम हाताने द्या. स्टिक काढून परत लावली की काही वेळा सेटिंग मूळ जागी जातं, दर वेळी तपासा. पुढे कधी चित्र पूर्ण काळं आलं तर दोन गोष्टी बघायच्या, एक म्हणजे दुसऱ्या सॉफ्टवेअरने स्टिक धरून ठेवली नाहीये ना (एका वेळी बहुतेक वेळा एकालाच मिळते), आणि दुसरं विंडोजच्या प्रायव्हसी सेटिंगमध्ये डेस्कटॉप ॲप्सना कॅमेऱ्याची परवानगी चालू आहे ना. स्टिक विंडोजला कॅमेराच वाटते हे पुष्कळ जणांच्या लक्षात येत नाही.

आवाजाचं जरा नीट बघावं लागेल. फाइल चालवून तपासा की फरक हळूहळू एकसारखा वाढत जातोय का मध्येच एखाद्या ठिकाणी एकदम पडतोय. एकसारखा वाढत असेल तर बहुधा चित्र स्टिकमधून आणि आवाज लॅपटॉपच्या माइकच्या भोकातून घेताय, दोघांची घड्याळं वेगळी. आवाजाची पांढरी-लाल वायर पण स्टिकलाच लावा आणि सगळीकडे ४८ किलोहर्ट्झ ठेवा. एकदम फरक पडत असेल तर फ्रेम गळतायत. जुन्या कॅसेटचा सिग्नल डळमळीत असतो, जिथे टेप चुरगळलीय किंवा शूटिंग थांबवून परत सुरू केलंय तिथे स्वस्त स्टिकला तो पकडता येत नाही, ती फ्रेम सोडून देते आणि आवाज मात्र चालूच राहतो. यावर सॉफ्टवेअरमध्ये फार काही होत नाही. खरा उपाय मध्ये टाइम बेस करेक्टर (डळमळीत सिग्नल सरळ करणारं यंत्र) लावणं, पण तो महाग. कुणाकडे जुना डीव्हीडी रेकॉर्डर पडून असेल तर मागून आणा, व्हीसीआरची वायर त्याच्या इनपुटला आणि त्याच्या आउटपुटमधून स्टिकला. काही मॉडेल असा सिग्नल बऱ्यापैकी सावरतात.

रेकॉर्ड करायला व्हर्च्युअलडब२ वापरा, गळलेल्या फ्रेमचा आकडा समोर दिसतो. कोडेक (व्हिडिओ फाइलमध्ये बसवायची पद्धत) हफवाययूव्ही, तासाला साधारण ३० ते ३५ जीबी लागतात, पण एडिटिंगला फाइल एकदम निवांत चालते. डिस्क एनटीएफएस हवी. एफएटी३२ असेल तर फाइल ४ जीबीपुढे जातच नाही आणि लोक उगाच सॉफ्टवेअरला दोष देत बसतात.

मिनीडीव्हीला ही स्टिक अजिबात लावू नका, कळकळीने सांगतो. त्या टेपवर व्हिडिओ आधीच डिजिटल आहे, फायरवायरने घेतला तर जसाच्या तसा उतरतो, तासाला १३ जीबी. पिवळ्या वायरने घेतलात तर चांगला डिजिटल माल ॲनालॉग करून परत डिजिटल करताय. कॅमेऱ्याचा यूएसबी पोर्ट बहुतेक मॉडेलमध्ये फोटोंसाठी असतो. आणि ऑनलाइन एका टोकाला यूएसबी, दुसऱ्या टोकाला फायरवायर अशी शंभर-दोनशेची वायर मिळते ती घेऊ नका. त्यात नुसत्या तारा आहेत, ते चालणं शक्यच नाही, आणि सहा पिनांच्या फायरवायरमध्ये ३० व्होल्टपर्यंत पॉवर असू शकते, चुकून कॅमेरा जळायचा. असे कॅमेरे आता दुरुस्त करणारं कुणी मिळत नाही.

डेस्कटॉप असेल तर पीसीआय एक्सप्रेसचं फायरवायर कार्ड घ्या, टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सची चिप असलेलं मिळालं तर उत्तम. पुण्यात पासोड्या विठोबाच्या आसपास किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला जुन्या मालात विचारा. कार्ड दिसतंय पण कॅमेरा ओळखत नाही असं झालं तर मायक्रोसॉफ्टचा १३९४ लेगसी ड्रायव्हर टाकून डिव्हाइस मॅनेजरमध्ये हाताने लेगसी लिहिलेला ओएचसीआय कंट्रोलर निवडा. तो विंडोज ८ पासून सोबत येत नाही, वेगळा उतरवावा लागतो. मग विनडीव्ही नावाचं छोटं फुकट सॉफ्टवेअर, त्यात टाइप २ एव्हीआय ठेवा, आवाज वेगळ्या ट्रॅकमध्ये येतो आणि जुन्या-नव्या सगळ्या एडिटरना चालतो. जुना मॅक असेल तर तोही चालेल, फक्त मॅकओएस टाहोवर नेऊ नका, ॲपलने त्यात फायरवायरच काढून टाकलंय.

एडिटरमध्ये आल्यावर रिझॉल्व्हचा प्रोजेक्ट आधी २५ फ्रेमचा करा, तो मुळात २४ वर असतो आणि क्लिप आत आल्या की बदलू देत नाही. हात हलताना चित्र पुढेमागे थरथरलं तर फील्ड ऑर्डर (फ्रेमच्या एकाआड एक ओळींच्या दोन अर्ध्या चित्रांपैकी आधी कोणतं) उलटी आहे: डीव्हीत खालचं फील्ड आधी, या स्टिकांमध्ये बहुतेक वेळा वरचं. आणि माणसं किंचित बारीक दिसली तर पिक्सल ॲस्पेक्ट (पिक्सलची रुंदी-उंची) पालच्या ४:३ वर ठेवा.

कॅसेट व्हीसीआरमध्ये घालायच्या आधी झाकण उघडून टेप उजेडात धरा. कडेला पांढरट भुकटी दिसली तर ती बुरशी आहे, कोकण-मुंबईच्या हवेत फार होते. अशी कॅसेट लावू नका, हेड खराब होईल आणि तीच घाण पुढच्या कॅसेटला लागेल. पाल केल्यावर काय दिसतं त्याचा एक स्क्रीनशॉट आणि तो हार्डवेअर आयडी इथे टाका, मग ड्रायव्हर बदलायला हवा का ते सांगतो.