वाचक विचारतात : शहरात कसलं आलंय भूत?

प्रश्न : सर, भूत म्हटलं की आम्हाला चोर्ला घाटातलं धुकं नाहीतर पडकी विहीर, एवढंच आठवतंय बगा. तुम्ही सांगितलात म्हणून अमेरिकन लेखक फ्रिट्झ लायबरची 'अवर लेडी ऑफ डार्कनेस' ही भयकादंबरी घेतली. सुरुवातीला नुसतं शहराचं वर्णनच आहे की! हिला एवढं का मानतात?
– एक वाचक, खानापूर

उत्तर : ते शहराचं वर्णन म्हणजेच भुताचं वर्णन आहे, म्हणून सावकाश वाचा. फ्रान्झ वेस्टन हा भयकथा लिहिणारा. बायको गेल्यावर दारूत बुडाला होता, आता कुठं सावरतोय. सॅन फ्रान्सिस्कोतल्या आपल्या खोलीतून दुर्बिणीनं त्याला कोरोना हाइट्स टेकडीवर फिकट तपकिरी काहीतरी हलताना दिसतं. तो टेकडी चढतो, वरून आपलीच खिडकी शोधतो, आणि तिथून तेच त्याला हात करतं!

आमच्या वडगावच्या गच्चीवरून येळ्ळूरचा राजहंसगड दिसतो. गडावर गेलं की आपण सगळेच 'ते शहापूर, ते आमचं घर' करत बसतो. ही कादंबरी वाचल्यापासून तिथं घर शोधायला माझी नजर धजत नाही.

कादंबरीतला एक गूढवादी म्हणतो, महानगरात साचलेल्या पोलाद, काँक्रीट, कागद, तेल आणि विजेतूनच अमानवी शक्ती उपजतात. लायबरनं 1941 मध्येच 'स्मोक घोस्ट' कथेत काजळीचं भूत उभं केलं होतं. इथं तर 1972 ची 'ट्रान्सअमेरिका पिरॅमिड' ही गगनचुंबी इमारत आणि टीव्हीचा मनोरा, या खऱ्या वास्तूही भीतीत सामील आहेत.

पण मला ही मोठी वाटते ती दुःखामुळे. लायबरची पत्नी 1969 मध्ये गेली. नंतर तो ज्या गिअरी स्ट्रीटवरच्या इमारतीत राहिला, तिथंच त्यानं फ्रान्झला ठेवलं. पलंगाच्या रिकाम्या बाजूला फ्रान्झ पुस्तकं-मासिकं रचतो. त्या ढिगाला बाईचा आकार येतो आणि तो त्याच्याशी लाडानं बोलतो. एकट्या वाचणाऱ्या माणसाची इतकी खरी ओळख मला भयकथेत दुसरीकडे सापडली नाही.

1977 ची ही कादंबरी, 1978 चा वर्ल्ड फँटसी पुरस्कार हिलाच मिळाला. मधल्या भागात त्या गूढवाद्याच्या जुन्या मंडळींबद्दलची चर्चा फार लांबते, तिथं भराभर पुढं गेलात तरी चालेल. पलंगाचा उल्लेख येईल तिथं मात्र एकही ओळ गाळू नका.