रेफरी नसलेल्या अल्टिमेट फ्रिस्बीत टीम एकत्र कशी राहते?

तुम्ही कॉलेजात अल्टिमेट फ्रिस्बीची टीम काढताय आणि विचारलंय की रेफरीच नसेल तर भांडणं न होता टीम टिकते कशी. इंजिनीअरिंगची चारही वर्षं मी हा खेळ खेळले, शेवटच्या वर्षी कॅप्टन होते. भांडणं होतील, होऊ द्या. फक्त ती मॅच संपल्यावर, गवतावर बसून व्हायला हवीत.

आमची पहिली दोन वर्षं वाईट गेली. मिक्स्ड टीम, मैदानात सात जण, त्यात तीन-चार मुली. मी एंड झोनमध्ये, म्हणजे मैदानाच्या टोकाच्या ज्या पट्ट्यात डिस्क (फेकायची चकती) झेलली की गोल होतो तिथे, हात वर करून मोकळी उभी असायचे, घसा फाटेपर्यंत ओरडायचे, आणि डिस्क जायची ती दोघांनी घेरलेल्या एखाद्या मुलाकडे. मग एका सीनियरने सरावापुरता नियम काढला: एका तरी मुलीच्या हातून डिस्क गेल्याशिवाय गोल धरायचा नाही. मुलं वैतागली, पण हळूहळू त्यांची नजर आमच्याकडेही वळायला लागली. या खेळात डिस्क दहा सेकंदांत सोडावी लागते आणि मार्क, म्हणजे आपल्याला अडवणारा समोरच्या टीमचा खेळाडू, समोर उभा राहून मोठ्याने आकडे मोजत असतो. त्या घाईत ज्याच्यावर मनापासून भरवसा आहे, त्यालाच डिस्क जाते.

जिमखान्यात आम्हाला 'चकती फेकणं हा काय खेळ?' हे कायम ऐकावं लागलं. तुम्हाला कुणी म्हणालं तर खुशाल सांगा की हा मुळात विद्यार्थ्यांनीच जन्माला घातलेला खेळ आहे. १९६८ साली न्यू जर्सीतल्या एका शाळेत तो सुरू झाला, १९७२ मध्ये रटगर्सने प्रिन्स्टनला २९-२७ असं हरवलं ती कॉलेजांमधली पहिली मॅच, आणि २०१५ साली आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने त्याच्या जागतिक संघटनेला मान्यता दिली. आजही जागतिक स्पर्धेत फाऊलचा निर्णय खेळाडूच देतात.

आता मुद्द्याचं. मॅच संपली की प्रत्येक टीम समोरच्या टीमला स्पिरिटचे, म्हणजे खिलाडूवृत्तीचे, गुण देते आणि स्वतःलाही. नियमांची जाण, धक्काबुक्की, प्रामाणिकपणा, रागावर ताबा, बोलण्याची पद्धत: पाच मुद्दे, प्रत्येकी शून्य ते चार. दोन म्हणजे नीट खेळलात. आम्ही आधी सगळीकडे दोन-दोन लिहून मोकळे व्हायचो. तसं करू नका.

तिसऱ्या वर्षी एका स्पर्धेत १२-१२ झाले होते, पुढचा गोल करेल तो जिंकणार. डिस्क माझ्या हातात, मार्कचा आकडा आठवर. डाव्या साइडलाइनने सेकंड इयरचा एक मुलगा सुटला होता. मी फ्लिक (मनगटाच्या झटक्याने केलेला फोरहँड थ्रो) टाकली, ती जरा बाहेर वळली. त्याने उडी मारून एंड झोनच्या कडेला पकडली. समोरच्या टीमने गोल मानला, हात मिळवायला निघालेसुद्धा. हा मात्र खाली वाकून बुटाच्या टाचेला लागलेली फक्की बघत होता. म्हणाला, "ताई, बाहेर. टाच रेषेवर होती." रेषेला पाय लागला की बाहेर. डिस्क त्यांच्याकडे गेली, सहा-सात पास, गोल. आम्ही हरलो.

गुण भरायला बसलो तेव्हा पेन माझ्या हातात होतं आणि मी त्याच्याकडे बघतही नव्हते. कुणी विचारलं होतं याला, एवढंच डोक्यात. सगळे गप्प. मग जो मुलगा पहिली दोन वर्षं मला डिस्क देत नव्हता, तोच म्हणाला, "आज हा गप्प बसला असता, तर उद्या सरावात याने 'आत होती' म्हटल्यावर तू मानलं असतंस का?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. प्रामाणिकपणासमोर मी चार लिहिले, आणि थ्रो माझाच वाकडा गेला होता हे तिथेच सगळ्यांसमोर बोलले. त्यानंतर सरावातले 'आत की बाहेर' हे वाद जवळजवळ संपले. तो 'आत' म्हणाला की आत.

सुरुवातीला चौदा जण जमणार नाहीत. चार-चार जणांचं खेळा, कडेला चपला ठेवून रेषा आखा, पण गुणांचा कागद पहिल्या दिवसापासून भरा, आपसातल्या मॅचलाही.