नाला आधी नको, डोंगर आधी

भाऊ, नाल्यातला गाळ उपसायचा तुझा उत्साह बघून बरं वाटलं, पण नाल्यात जेसीबी लावायची घाई करू नकोस. माती वाहून येते ती वरून. तेव्हा काम माथ्यापासून पायथ्याकडे. उतारावर समतल चर, म्हणजे एकाच पातळीत उताराला आडवे जाणारे खड्डे, घे; पातळी हायड्रोमार्करने (पाण्याच्या नळीने पातळी दाखवणारं साधन) तपास. चर जरा तिरपा गेला की पाणी एका टोकाला धावतं आणि तिथेच नवी घळ पडते. निघालेली माती उताराच्या बाजूला टाक, तिच्यावर मारवेल, पवन्या या गवतांचं बी पेर.

घळीत अनगड दगडी बांध (न घडवलेले दगड रचून केलेला) घालताना मध्यभाग कडांपेक्षा खोलगट ठेव. आमच्या पहिल्या बांधाचा मध्य उंच राहिला, एका पावसात पाण्याने काठ पोखरला. फार वाईट वाटलं होतं. खालच्या बांधाचा माथा वरच्याच्या पायथ्याच्या पातळीत आला की अंतर बरोबर.

खरी मेहनत मात्र चराईबंदीची. गुराख्यांशी आधी बोल, चारा कापून न्यायची मुभा दे. धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यातलं बारीपाडा गाव बघून ये. तिथल्या चैत्राम पवारांना २०२५ साली पद्मश्री मिळाली, ती गावाने राखलेल्या जंगलामुळे.

गाळ थांबला की डोह उघडे राहतात, माशांना उन्हाळा काढता येतो. पावसाळ्यात पांझरा नदीचं पाणी बाटलीत भरून ठेव, तळाशी बसलेला गाळ दरवर्षी मोज, म्हणजे काम किती साधलं ते कळेल.