तोच गेम, तीच फाइल, मग भाव वेगळा का? आणि ते स्वस्तातलं अकाउंट घ्यावं का?

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. मुलगा इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला, धाकटी दहावीत, घर नागपुरात, मानेवाड्याला. मुलाला 'बाल्डर्स गेट ३' हा कॉम्प्युटर गेम हवा आहे आणि स्टीमवर, म्हणजे गेम विकणाऱ्या ऑनलाइन दुकानात, तो २,९९९ रुपयांना दिसतो. कॉलेजमधला एक सीनियर दुसऱ्या देशाचं अकाउंट १,१०० रुपयांत देतो म्हणतो, त्यात हाच गेम आधीच घेतलेला आहे. मुलाचं म्हणणं, "आई, सगळेच घेऊन राहिले." आणि तुम्ही विचारताय की एकाच वस्तूचे इतके भाव कसे, यात कोण कोणाला फसवतंय, आणि ते अकाउंट घेऊ द्यायचं का.

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. नका घेऊ देऊ. कारण सविस्तर लिहितो, कारण दुसऱ्या वर्षाचा मुलगा नुसत्या 'नाही'ला ऐकत नाही, आणि त्याच्या तक्रारीत तथ्य अजिबात नाही असंही नाही.

आधी भावाचं बघू. संत्र्याचा भाव कळमन्याच्या बाजारात एक आणि मुंबईत दुसरा, हे आपल्याला कोणी समजावून सांगावं लागत नाही. मध्ये ट्रकचं भाडं आहे, हमाली आहे, नासलेला माल आहे. गेमला यातलं काहीच नाही. दीडशे जीबीची तीच फाइल मानेवाड्यात उतरते आणि कॅलिफोर्नियातही उतरते. एक प्रत जास्त खपली म्हणून बनवणाऱ्याचा खर्च जवळपास वाढतच नाही. जो काही खर्च व्हायचा तो आधीच होऊन गेलेला असतो, शेकडो माणसांच्या कित्येक वर्षांच्या पगारात. म्हणून भाव ठरवताना एकच हिशेब उरतो : त्या देशातल्या माणसाला किती परवडेल?

तुम्हाला एसटीचं उदाहरण जवळचं वाटेल. मार्च २०२३ पासून महिलांना अर्धं तिकीट आहे. गणेशपेठहून वर्ध्याला निघालेल्या त्याच गाडीत, शेजारच्याच सीटवर, तुमचं तिकीट अर्धं आणि तुमच्या यजमानांचं पूर्ण. गाडीचं डिझेल दोघांसाठी तेवढंच जळतं. एसटीत उरलेले पैसे सरकार भरतं, गेममध्ये कोणी भरत नाही, एवढा फरक आहे. कंपनी विचार करते की अमेरिकेच्या भावात इथे दहा जण घेतील, निम्म्या भावात पन्नास घेतील. मग पन्नासच बरे.

आता २,९९९ चा हिशेब मांडून बघा. अमेरिकेत हा गेम ६० डॉलरचा. ऑगस्ट २०२३ मध्ये तो आला तेव्हा डॉलर ८३ रुपयांच्या आसपास होता, म्हणजे सरळ गुणाकार केला तर जवळजवळ ५,००० रुपये. आपल्याकडच्या २,९९९ मध्ये १८ टक्के जीएसटी आधीच धरलेला आहे. तो काढला की २,५४१ उरतात. त्यातून दुकानाचा नेहमीचा ३० टक्के हिस्सा गेला की बनवणाऱ्याच्या हातात साधारण १,७८० रुपये. (फार मोठ्या खपाच्या गेमला हा हिस्सा आधी २५ आणि मग २० टक्क्यांवर येतो, ते सोडून देऊ.) तिकडे ६० डॉलरमागे त्याच हिशेबाने ४२ डॉलर, म्हणजे सुमारे ३,४८० रुपये मिळतात. आपल्या प्रत्येक खरेदीवर बनवणारा अमेरिकेच्या जवळपास निम्म्यावर समाधान मानतो. म्हणजे मुलगा ज्या भावाला 'महाग' म्हणतोय, तोच मुळात सवलतीचा भाव आहे.

हे मला पोटतिडकीने सांगावंसं वाटतं, कारण मी आधीचे दिवस बघितलेत. नोव्हेंबर २०१५ पर्यंत स्टीमवर रुपया नव्हताच. भाव डॉलरमध्ये दिसायचा, बाबांच्या डेबिट कार्डावर परदेशी व्यवहार बंद असायचे, आणि ज्याच्याकडे चालणारं क्रेडिट कार्ड असेल त्या कोणाच्या तरी मामाला गळ घालावी लागायची. स्टेटमेंट आलं की त्यावर बँकेचा चलन बदलण्याचा आकार वेगळा. म्हणून आम्ही बर्डीवर, सीताबर्डीच्या बाजारात, जाऊन डब्यातले गेम घ्यायचो. 'जीटीए ५' पीसीवर आला तेव्हा त्यात सात डीव्हीडी होत्या. एप्रिलचं ऊन, कूलर सुरू, आणि आम्ही दोघं मित्र एकेक चकती घालत बसलेलो. पाचव्या चकतीला लाइट गेली आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून. त्याच वर्षीच्या शेवटी एका सकाळी दुकान उघडलं तर प्रत्येक गेमखाली रुपयाचं चिन्ह. आज यूपीआयने पैसे जातात, कर आतच असतो, जो आकडा दिसतो तोच खात्यातून कटतो. ही सोय आपोआप झालेली नाही. इथली माणसं पैसे देऊन घेतात हे दिसलं, म्हणून झाली.

आता मुलाच्या बाजूचं. भाव स्टीम ठरवत नाही. स्टीम चालवणारी व्हॉल्व्ह कंपनी प्रत्येक चलनासाठी एक सुचवलेला तक्ता देते. मानायचा की नाही हे गेम विकणाऱ्याच्या मर्जीवर. ऑक्टोबर २०२२ मध्ये हा तक्ता मोठ्या प्रमाणात बदलला आणि रुपयातले सुचवलेले भावही वाढले. पण काही प्रकाशक तक्त्याकडे बघतही नाहीत, डॉलरला गुणून मोकळे होतात. 'गॉड ऑफ वॉर' जानेवारी २०२२ मध्ये पीसीवर आला तेव्हा अमेरिकेत ५० डॉलरला होता आणि आपल्याकडे ३,२९९ रुपयांना. म्हणजे तिकडे बाल्डर्स गेटपेक्षा १० डॉलरने स्वस्त असलेला गेम इकडे त्याच्यापेक्षा ३०० रुपयांनी महाग! याला मी प्रादेशिक भाव म्हणत नाही, याला आळस म्हणतो. नागपुरात पहिल्या नोकरीला लागलेल्या पोराचा पगार बघा आणि अमेरिकेतल्या त्याच वयाच्या पोराचा बघा, मग हा आकडा टाका. याउलट 'स्टारड्यू व्हॅली' घ्या. एरिक बॅरोन नावाच्या एकट्या माणसाने बनवलेला गेम, तिकडे १५ डॉलरचा. मी घेतला तेव्हा इथे पाचशेच्याही आत होता. एकटा माणूस इथल्या खिशाचा विचार करू शकतो, तर मोठ्या कंपन्यांना काय अवघड आहे? मुलगा यावर चिडत असेल तर त्याचं चिडणं बरोबर आहे. त्याने असा गेम घेऊ नये, आणि का घेतला नाही ते त्या गेमच्या चर्चेच्या पानावर कंपनीला लिहावं. मी लिहितो.

पण दुसऱ्या देशाचं अकाउंट हा त्यावरचा उपाय नाही. अर्जेंटिना आणि तुर्कस्तानचं काय झालं ते त्याला सांगा. या दोन देशांतले भाव कित्येक वर्षं जगात सर्वांत कमी गणले जायचे. युरोप-अमेरिकेतले, आणि आपलेही, लोक व्हीपीएन (आपण दुसऱ्याच देशातून इंटरनेट वापरतोय असं भासवणारी सोय) लावून तिथले रहिवासी बनायचे. स्टीमने अकाउंटचा देश बदलायला तिथलंच पैसे भरायचं साधन मागायला सुरुवात केली, मग तीन महिन्यांतून एकदाच बदलता येईल असा नियम केला. २०२२ च्या तक्त्यात या दोन देशांचे सुचवलेले भाव कित्येक पटींनी चढले. आणि २० नोव्हेंबर २०२३ ला पेसो आणि लिरा ही तिथली चलनं दोन्ही काढून टाकली, भाव डॉलरमध्ये. कंपनीने कारण दिलं ते चलनाच्या चढ-उताराचं, आणि ते खरंच होतं. अर्जेंटिनात त्या वर्षी महागाई २११ टक्क्यांवर गेली होती. तरीही बाहेरच्यांनी केलेल्या गर्दीमुळे तिथे भाव कमी ठेवण्यात विकणाऱ्यांना काही अर्थ उरला नव्हता, असं मला वाटतं. ज्या गेमवाल्यांनी त्या भागासाठी वेगळा भाव भरला नाही, त्यांचे गेम एका रात्रीत अमेरिकेच्या भावावर गेले. ब्युनोस आयर्समधल्या तुमच्या मुलाच्याच वयाच्या एखाद्या पोराचा विचार करा. त्याने काहीच केलेलं नव्हतं.

इथे कोणी म्हणेल की स्वस्तात घेऊन दुसरीकडे नेणं हा गुन्हा थोडाच आहे. पुस्तकांच्या बाबतीत हा वाद खरोखर कोर्टात गेला होता. मुलाच्या टेबलावर 'केवळ भारतीय उपखंडात विक्रीसाठी' असं छापलेलं एखादं इंजिनीअरिंगचं पुस्तक असेलच. थायलंडहून अमेरिकेत शिकायला गेलेल्या सुपाप कर्टसेंगने अशीच स्वस्त आवृत्तीची पुस्तकं घरून मागवून तिथे विकली. प्रकाशकाने खटला भरला, आणि २०१३ मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने कर्टसेंगच्या बाजूने निकाल दिला : पुस्तक एकदा रीतसर विकत घेतलं की ते तुमचं, पुढे कोणालाही विका. युरोपातही जानेवारी २०२१ मध्ये व्हॉल्व्ह आणि पाच प्रकाशकांना मिळून ७८ लाख युरोंचा दंड झाला, कारण पूर्व युरोपातल्या स्वस्त प्रती बाकीच्या युरोपात चालू नयेत म्हणून त्यांनी कुलूप घातलं होतं, आणि युरोपीय संघ ही एकच बाजारपेठ आहे. म्हणजे कंपन्याही प्रत्येक वेळी बरोबर असतात असं नाही. पण स्टीमवरचा गेम पुस्तकासारखा तुमचा होत नाही. तुम्हाला मिळतो तो वापरण्याचा परवाना, तो अकाउंटला बांधलेला असतो, आणि अकाउंट दुसऱ्याला विकता येत नाही असं करारातच लिहिलेलं आहे. सीनियर जे विकतोय ते विकण्याचा हक्कच त्याला नाही.

त्यातून काय होतं ते मी भोगलंय. २०१८ मध्ये एकाकडून असंच अकाउंट घेतलं. चार महिने उत्तम चाललं. तेवढ्यात दिवाळीचे पैसे आले, ते घालून मी त्याच अकाउंटवर आणखी तीन गेम घेतले, माझ्या पैशांनी, रीतसर. एका रात्री पासवर्ड चालेना. 'पासवर्ड विसरलात?' दाबलं तर कोड कोणाच्या तरी मेलवर जाणार होता. पहिलं अक्षर आणि पुढे नुसत्या चांदण्या, आणि ते अक्षर माझ्या मेलचं नव्हतं. मूळ मालकाकडे पहिली पावती आणि पहिला मेल होता, त्या जोरावर त्याने अकाउंट परत घेतलं होतं. मी सपोर्टला काय सांगणार? विकत घेतलं म्हणून? ज्याच्याकडून घेतलं त्याचा नंबर बंद. अकाउंटचे पैसे गेले याचं फार वाटलं नाही. गेले ते तीन गेम, आणि त्यातल्या एकात दीडशे तास खेळून जिथवर पोचलो होतो ते. तुमच्या मुलाचे ११०० रुपये हा यातला सगळ्यात छोटा धोका आहे.

अजून एक गोष्ट त्याला माहीत नसेल. स्टीमवर कुटुंबाचा गट करता येतो, सहा जणांपर्यंत, एकाच घरातले. एकाने घेतलेले बहुतेक गेम बाकीच्यांना खेळता येतात. पण सगळ्यांच्या अकाउंटचा देश एकच लागतो, त्यामुळे परदेशी अकाउंट या गटात येणारच नाही. धाकटीला गेम आवडत असतील तर तिचं अकाउंट या गटात 'मूल' म्हणून जोडा आणि तुम्हीही गटात मोठ्या म्हणून असा : तिला काही घ्यायचं झालं की विनंती तुमच्याकडे येईल, तुम्ही बघून पैसे भरा किंवा नाही म्हणा.

तेव्हा असं करा. मुलाच्या स्वतःच्या, भारतातल्या अकाउंटवर हा गेम विशलिस्टमध्ये, म्हणजे हव्या असलेल्या गेमच्या यादीत, टाकू द्या. भाव उतरला की मेल येतो. नुसता २० टक्के उतरला तरी २,४०० च्या आत येईल. त्याला स्टीमडीबी ही वेबसाइट बघायला शिकवा, म्हणजे त्यालाच म्हणा तुम्हाला दाखव. तिथे कोणत्याही गेमचा आजवरचा सगळ्यात कमी भाव आणि प्रत्येक चलनातला भाव एका तक्त्यात दिसतो. मग कोणी आपल्यासाठी विचार करून भाव ठेवलाय आणि कोणी नुसता गुणाकार केलाय, हे त्याचं त्यालाच कळेल. तोवर हात रिकामा वाटत असेल तर एपिक या दुसऱ्या कंपनीच्या ऑनलाइन दुकानात दर गुरुवारी काहीतरी फुकट मिळतं, आणि तेही रीतसर. गेम घेतल्यावर लॅपटॉपवर नीट चालला नाही तर १४ दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळला असेल तर पैसे परत मिळतात. त्यामुळे पहिले दोन तास घड्याळ लावूनच खेळायला सांगा. १५० जीबी जागा आणि ग्राफिक्स कार्ड तपासणंही त्याआधीच उरका.

मोठा उन्हाळी सेल जूनच्या शेवटी लागतो, आपल्या घड्याळात रात्री साडेदहाला. पहिला अर्धा तास पान उघडतच नाही, तेव्हा जेवून घेऊन अकराला बसा म्हणावं.